कबड्डी, गोडेतेल आणि लांबलेला पाळणा

ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात २००३ ते २००६ या वर्षांत काही शाळांतल्या तेरा ते पंधरा वयाच्या मुलींना शनिवार-रविवारसाठी एक बाहुली घरी दिली जायची. साधी बाहुली नव्हे, पोटात यंत्र बसवलेली. ती मध्यरात्री टाहो फोडायची, दूध पाजेपर्यंत किंवा लंगोट बदलेपर्यंत गप्प व्हायची नाही, आणि आपल्याला कसं सांभाळलं गेलं याची नोंद आतल्या आत करून ठेवायची. एक-दोन रात्री जागून काढल्या की कोवळ्या वयात आई होण्याची हौस आपसूक फिटेल, असा सरळ हिशोब. कुणालाही पटेल असाच. आपल्याकडच्या एखाद्या शिक्षणाधिकाऱ्यापुढे हा प्रस्ताव ठेवला असता तर त्यानेही मान डोलावली असती.

५७ शाळांतल्या २,८०० हून अधिक मुलींची विसाव्या वर्षापर्यंतची माहिती संशोधकांनी दवाखान्यांच्या नोंदींतून जमवली आणि २०१६ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापली. बाहुली न मिळालेल्या मुलींपैकी सुमारे ४ टक्के मुली तोवर आई झाल्या होत्या. बाहुली मिळालेल्यांपैकी ८ टक्के! गर्भपाताचंही तसंच, तिकडे ६ टक्के तर इकडे ९. उपाय नुसता वाया गेला असता तरी चाललं असतं. हा उलटा पडला होता.

बाहुलीला कडेवर घेऊन फिरणाऱ्या मुलीचं घरीदारी कौतुकच झालं असावं, हा त्यामागचा त्यातल्या त्यात पटणारा अंदाज. पण या विषयात थोडं खोल गेलं की असे चकवे पावलोपावली भेटतात. नाकासमोरची वाट फसते. आणि ज्यांचा गरोदरपणाशी सुतराम संबंध दिसत नाही अशा गोष्टी, म्हणजे गोडेतेल, शाळेचा गणवेश, संध्याकाळचा तासाभराचा वर्ग, पाळणा लांबवून दाखवतात. गोवंडीत तर हे काम कबड्डीकडे सोपवलं गेलं.

आधी आपल्याकडचा प्रश्न किती मोठा, ते पाहू. देशातल्या अशा आकड्यांचं माहेर मुंबईच्या उपनगरातच आहे. गोवंडी स्टेशन रोडवर, देवनारला, १९५६ साली सुरू झालेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तिथून चालतं. २०१९-२१च्या पाचव्या फेरीत असं दिसलं की महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के एकतर आई झालेल्या होत्या किंवा पहिल्यांदा गरोदर होत्या. म्हणजे साधारण तेरा मुलींत एक. देशाची सरासरी ६.८ टक्के आहे. स्वतःला पुढारलेलं म्हणवणारं आपलं राज्य इथे सरासरीच्याही मागे. वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती, आणि हे दोन आकडे एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत. कारण आपल्याकडच्या किशोरवयीन आयांत बहुतेक जणी रीतसर लग्न झालेल्या असतात. घरात आनंदाने पेढे वाटले गेलेले असतात.

त्यामुळे पर्थची बाहुली इथे मुळातच गैरलागू. मुलीला घाबरवून काय होणार? निर्णय तिचा नसतोच. बाहुली द्यायचीच तर ती मुलीच्या वडिलांना, मामाला आणि स्थळ घेऊन येणाऱ्या आत्याबाईंना द्यावी लागेल.

मग कायदा? त्याचा इतिहास तर मुंबईतच घडला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंना १८८७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने सांगितलं की नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या तुरुंग चालेल. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. त्या खटल्याच्या आणि बेहरामजी मलबारींच्या बालविवाहाविरुद्धच्या चळवळीच्या धगीत १८९१चा संमतिवयाचा कायदा आला आणि दहाची मर्यादा बारा झाली. १९२९च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा केलं, १९७८ साली ते अठरा झालं. अठराचा आकडा कायद्यात बसून जवळपास अर्धं शतक होत आलं, तरी पाचातली एक मुलगी त्याआधीच बोहल्यावर चढते. कायदा हवाच. पण तो बापाला ‘करू नकोस’ एवढंच सांगतो. शेजारीपाजारी, भावकीत, ‘अजून कसं उजवलं नाही?’ या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं, ते तो सांगत नाही. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आतापर्यंत जे कार्यक्रम खरोखर कामाला आले त्यांतल्या बहुतेकांनी नेमकं हेच उत्तर पुरवलेलं आहे.

पाचोडचं उदाहरण घ्या. छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, पैठण तालुक्यातलं हे गाव मोसंबीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. डॉ. अशोक दयालचंद यांच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट, पाचोड’ या संस्थेने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आसपासच्या गावांत लग्न न झालेल्या, बारा ते अठरा वयाच्या मुलींसाठी एक वर्ग काढला. आठवड्याचे पाच दिवस, रोज संध्याकाळी एक तास, वर्षभर. एकूण सुमारे २२५ तास. शिकवणारी बाई गावातलीच, किमान सातवी शिकलेली, प्रशिक्षण देऊन तयार केलेली. विषय कोणते, तर आहार, आजारपण, बाळाची निगा, ग्रामपंचायतीचा आणि सरकारी कचेऱ्यांचा कारभार, आपलं म्हणणं घरात आणि चारचौघांत कसं मांडावं. शाळा सुटलेल्या, दिवसभर शेतात किंवा चुलीपाशी राबणाऱ्या मुली जास्त. ‘लग्न उशिरा करा’ हा काही त्या वर्गाचा रोजचा जप नव्हता.

आणि झालं काय? १९९७च्या सुमारास त्या भागात होणाऱ्या मुलींच्या लग्नांपैकी जवळपास ८१ टक्के लग्नं अठराच्या आतली होती. २००१पर्यंत ते प्रमाण ६२ टक्क्यांवर आलं. तुलनेसाठी निवडलेल्या, वर्ग नसलेल्या गावांत असा फरक पडला नाही. लग्नाचं मध्यम वय सोळावरून सतरा झालं.

एकच वर्ष! वाचताना हे फारच थोडं वाटतं. पण सोळाव्या वर्षी शरीराची वाढ संपलेली नसते; कटीची हाडं अजून रुंदावत असतात, अंगात रक्त आधीच कमी असतं, आणि पोटातलं बाळ व वाढणारी आई एकाच ताटातल्या अन्नावर हक्क सांगतात. कमी वजनाची बाळं, अडलेली बाळंतपणं यांचा धोका इथूनच येतो. त्या वयात बारा महिने पुढे ढकलणं म्हणजे पुष्कळ झालं. शिवाय हे सगळं घडवलं कुणी? डॉक्टरने नाही, तहसीलदाराने नाही. सातवी शिकलेल्या, त्याच आळीत राहणाऱ्या बाईने, रोज तासभर.

चिकित्सक वाचक इथे बोट ठेवेल. वर्षभर नेमाने वर्गाला येणारी मुलगी मुळात जरा मोकळ्या घरातलीच असणार, मग श्रेय वर्गाचं की घराचं? शंका रास्त आहे. तुलनेच्या गावांतल्या मुलींचं अठराच्या आत लग्न होण्याची शक्यता पूर्ण वर्ग केलेल्या मुलींच्या चौपट होती, असा एक आकडा या अभ्यासात आहे. तो याच कारणाने मी थोडा सबुरीने घेतो. पण अख्ख्या भागातलं प्रमाण उतरलं आणि शेजारच्या भागातलं उतरलं नाही, हे काही एकेका घराच्या मोकळेपणाने समजावता येत नाही.

माझी समजूत अशी, की त्या वर्गाने शिकवण्याबरोबर आणखी एक गोष्ट केली. त्याने घराला थांबायला सबब दिली. स्थळ आलं तर आई म्हणू शकते, पोरीचा वर्ग चालू आहे, वर्ष तर पुरं होऊ द्या. यात कुणाचा अपमान नाही, कुणाशी भांडण नाही, मुलगी आगाऊ ठरत नाही. रोज संध्याकाळी दहा-पंधरा मुली गावातून एकत्र चालत जाताना सगळ्यांना दिसतात. चार घरच्या पोरी थांबल्यात म्हटल्यावर पाचव्या घरालाही थांबायला धीर येतो.

पण मुलींना एकत्र बसवलं की काम फत्ते, असंही नाही. बांगलादेशाच्या दक्षिण भागात २००८च्या सुमारास मोठा प्रयोग झाला. काही गावांत मुलींचे गट बांधून सहा महिने शिक्षण दिलं. काही गावांत नुसतं गोडेतेल वाटलं. पंधरा ते सतरा वयाची मुलगी लग्नाशिवाय असेल तर तिच्या घराला दर चार महिन्यांनी स्वयंपाकाचं तेल, वर्षाला साधारण सोळा लिटर. गटांमुळे मुलींचं शिक्षण थोडं पुढे सरकलं, बालविवाहावर मात्र परिणाम झाला नाही. तेल मिळालेल्या घरांत तो सुमारे पाचव्या हिश्शाने कमी झाला!

सोळा लिटर तेलासाठी कुणी मुलीचं लग्न थांबवतं का? किंमत पाहिली तर ती हुंड्याच्या पासंगालाही पुरत नाही. प्रयोग करणाऱ्या अर्थतज्ज्ञांनी दिलेलं उत्तर मला या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं. एरवी सोळा-सतराची मुलगी घरात ठेवली की लोक म्हणतात, काहीतरी गडबड असेल, पोरगी हट्टी असेल, फार शिकलेल्या वळणाची असेल. उशीर हीच मुलीबद्दलची बातमी होऊन बसते. तेल आल्यावर उशिराला दुसरंच, साधं, सगळ्यांना समजणारं कारण मिळालं. त्यांनी का थांबवलंय? तेल मिळतंय म्हणून. आता उशिरावरून मुलीबद्दल कुणी काही ताडू शकत नाही. ज्या आईबापांना मनातून थांबायचंच होतं, त्यांची सुटका झाली.

पैसे कधी मिळतात, यावरही सारं अवलंबून असतं. हरियाणाने १९९४ साली ‘अपनी बेटी अपना धन’ ही योजना काढली. मुलीच्या नावाने सरकारी रोखा ठेवायचा आणि अठराव्या वर्षापर्यंत लग्न झालं नाही तर पंचवीस हजारांच्या घरात जाणारी रक्कम तिला द्यायची. पहिल्या लाभार्थी मुली अठराच्या झाल्यावर पाहणी झाली तेव्हा अठराच्या आतल्या लग्नांत फरक आढळला नाही. उलट त्यानंतर लगेच, अठराव्या वर्षातच, लाभार्थी मुलींची लग्नं जास्त लागलेली दिसली. रक्कम लग्नखर्चाची तरतूद म्हणून घरच्यांनी धरून ठेवली होती. महाराष्ट्राच्या ‘लेक लाडकी’ योजनेत १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या, पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकेच्या घरातल्या मुलीला टप्प्याटप्प्याने एक लाख एक हजार मिळायचे आहेत. जन्माला पाच हजार, पहिलीत सहा, सहावीत सात, अकरावीत आठ, आणि उरलेले पंच्याहत्तर हजार अठरा पूर्ण झाल्यावर एकदम. मधले टप्पे शाळेला बांधले आहेत, हे उत्तम. पण सातवीपासून दहावीपर्यंत, स्थळं यायला लागतात नेमकी तेव्हा, हात रिकामा आहे. आणि शेवटचा मोठा हप्ता पाहिला की हरियाणा आठवतं. हे पैसे दोन-दोन हजारांनी का होईना त्या मधल्या वर्षांत पसरले असते तर, असं राहून राहून वाटतं.

तेलाने बांगलादेशात केलं तसं काम केनियात गणवेशाने केलं. पश्चिम भागातल्या शाळांत २००३ साली सहावीच्या मुलामुलींना फुकट गणवेश दिले. मुलींची गळतीही कमी झाली आणि पोटुशा राहण्याचं प्रमाणही. त्याच प्रयोगात शिक्षकांना एचआयव्हीचा सरकारी अभ्यासक्रम शिकवण्याचं प्रशिक्षणही काही शाळांत दिलं होतं. नुसत्या त्याने गर्भधारणा कमी झाल्या नाहीत. दिल्लीच्या आसपासच्या खेड्यांत रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञाने तीन वर्षं एवढंच केलं की कॉल सेंटरला माणसं भरणारे भरतीवाले गावात पाठवले. त्या काळात लग्न किंवा बाळंतपण झालेल्या तरुण मुलींचं प्रमाण त्या गावांत पाच-सहा टक्केबिंदूंनी कमी राहिलं. नोकरी सगळ्यांना लागली नव्हती. लागू शकते एवढं दिसलं होतं. मालाडच्या माइंडस्पेसमधल्या कचेरीत गळ्यात ओळखपत्र घालून जाणारी शेजारची ताई मालवणीतल्या पंधरा वर्षांच्या मुलीसाठी काय करत असेल, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

आता गोवंडी. देवनारच्या कचराभूमीच्या कडेला शिवाजीनगर आहे. लोकसंख्या मोजणारी ती संस्था इथून हाकेच्या अंतरावर, हार्बर लाइनच्या पलीकडे. इथल्या एम-पूर्व प्रभागाचा मानवी विकास निर्देशांक २००९च्या मुंबईच्या अहवालात शहरात सगळ्यांत खाली होता. इथे मुलगी वयात आली की तिचं जग आकसतं. शाळा, क्लास, पाणी, दुकान, बस्स. कामाशिवाय बाहेर उभं राहणं म्हणजे बदनामीला आमंत्रण. आईबाप दुष्ट नसतात, घाबरलेले असतात. दहा बाय बाराच्या खोलीत, दोघंही दिवसभर कामावर, बाहेर गल्लीत टवाळ पोरं. काही बरंवाईट होण्याआधी हात पिवळे करून टाकू, हा त्या भीतीचा शेवट.

‘अपनालय’ ही संस्था आणि महिलांविषयीच्या संशोधनाचं आंतरराष्ट्रीय केंद्र, म्हणजे आयसीआरडब्ल्यू, यांनी या वस्तीत ‘परिवर्तन’ नावाचा कार्यक्रम केला. बारा ते सोळा वयाच्या मुलींना कबड्डी शिकवायची. शिकवणाऱ्या वस्तीतल्याच तरुण मुली. सरावाच्या जोडीने शरीर, शिक्षण, लग्न, मुलगा-मुलगी भेद यांवर बोलणं. एरवी पोरांच्या क्रिकेटचं असलेलं मैदान, भर दिवसा, आरडाओरडा करत, एकमेकींच्या तंगड्या ओढत मुलींनी वापरायचं. कबड्डीत दम धरून दुसऱ्याच्या अंगणात शिरावं लागतं आणि जिवंत परत यावं लागतं, हे काही मी रूपक म्हणून सांगत नाही. खेळाचा नियमच तो आहे.

संशोधकांनी या कार्यक्रमातल्या प्रशिक्षक मुलींवर २०१८ साली एक वेगळा निबंध छापला, आणि माझ्या मते खरी कमाल तिथे आहे. या मुलींनाही सुरुवातीला घरातून विरोध होता. भाऊ काय म्हणेल, नाक्यावरची माणसं काय म्हणतील. पण त्यांना रोज घरोघर जाऊन दुसऱ्यांच्या आयांना पटवायचं होतं, आणि ते करता करता त्या स्वतः वस्तीभर फिरायला लागल्या. एकट्या नव्हे, घोळक्याने. आईला आधी हाताशी धरायचं, मग बापाला. कुठे वाटाघाट, कुठे थोडी लपवाछपवी. ‘लोक काय म्हणतील’ मधले लोक हळूहळू बदलले, कारण त्या लोकांत आता त्यांच्या मैत्रिणीही होत्या. कबड्डी ही इथली सबब. या अभ्यासाने जन्मलेली बाळं मोजलेली नाहीत, त्यामुळे कबड्डीने पाळणा किती महिन्यांनी लांबला, याचा आकडा मागू नका. पण लग्नाचा निर्णय ज्या भीतीतून होतो, तिची एक गाठ इथे सैल झालेली दिसते.

पश्चिम उपनगरांत, सांताक्रूझला, सोनल शुक्ल यांनी १९८७ साली बायकांसाठी वाचनालय म्हणून सुरू केलेल्या ‘वाचा’ने पुढे वस्त्यांतल्या मुलींबरोबर असंच काम उभं केलं. आपल्या गल्लीतले दिवे, शौचालयं, रस्ते यांची पाहणी मुलींनीच करायची. गल्लीतला बंद दिवा आणि पंधराव्या वर्षीचं लग्न यांचा संबंध कागदावर दिसत नाही. आईला विचारा, ती लगेच सांगेल.

मुलांचं काय? त्यांना सोडून हे सगळं करणं म्हणजे अर्धंच काम. चेंबूरच्या ‘कोरो’ या संस्थेने इथल्या वस्त्यांतल्या तरुणांबरोबर ‘यारी दोस्ती’ हा कार्यक्रम राबवला. मूळ ब्राझीलचा, पण खेळ, गप्पा, प्रसंग सगळे इथले. भाग घेतलेल्या तरुणांनी कंडोमचा वापर वाढल्याचं आणि जोडीदाराला मारहाण कमी झाल्याचं सांगितलं. कोरो, टाटा समाजविज्ञान संस्था आणि आयसीआरडब्ल्यू यांनी २००८ ते २०१० या काळात मुंबईतल्या महापालिका शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींना एकत्र बसवून ‘जेम्स’ हा उपक्रम केला. मुलीचं लग्न उशिरा व्हावं असं म्हणणाऱ्यांचं प्रमाण वर्गचर्चा झालेल्या शाळांत वाढलं. ‘परिवर्तन’ची मुलांची शाखा तर क्रिकेटच्या प्रशिक्षकांमार्फत चालली. हे फार हुशारीचं. चौदा वर्षांचा मुलगा आईचं ऐकत नाही, सरांचं ऐकेलच असं नाही, पण फलंदाजीला कितव्या क्रमांकावर पाठवायचं हे ज्याच्या हातात आहे त्याचं निमूट ऐकतो.

इतकं सगळं आडवळणाचं सांगितल्यावर वाटेल की शरीराची माहिती देण्याची गरजच नाही. तसं अजिबात नाही. मुंबईत प्रेमात पडणारी, पळून जाणारी, गुपचूप भेटणारी मुलंमुली आहेत, आणि तिथे सबब कामाची नाही. ज्ञान लागतं. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं, १९२७ पासून मरेपर्यंत, १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं, त्यापायी खटले सोसले. त्याच राज्याने २००७ साली शाळांतलं लैंगिक शिक्षण बंद करून टाकलं. सांगितलं की मुलं बिघडतात, ही भीती. जगभरच्या अभ्यासांचा युनेस्कोने घेतलेला आढावा याच्या उलट सांगतो. असं शिक्षण दिल्याने मुलं लवकर सुरुवात करत नाहीत. झालंच तर उशिरा करतात.

पण माहिती कोणती, हा प्रश्न आहेच. केनियात पास्कलिन ड्युपास यांनी ७१ शाळांत आठवीच्या मुलींना चाळीस मिनिटांचा एकच तास दिला. त्यात दहा मिनिटांची चित्रफीत आणि एक तक्ता. कोणत्या वयाच्या पुरुषांत एचआयव्हीचं प्रमाण किती, एवढंच. वीस वर्षांच्या मुलांत कमी, तिशीतल्या पैसेवाल्या ‘काकां’त कितीतरी जास्त. वर्षभरात त्या शाळांत गर्भधारणा २८ टक्क्यांनी कमी झाल्या. ‘लग्नाआधी काही करू नका’ असं सांगणाऱ्या सरकारी अभ्यासक्रमाला जे जमलं नव्हतं ते तक्त्यातल्या एका रांगेने केलं. मुलींना उपदेश केला नाही, त्यांना हिशोब दाखवला. तो त्यांनी स्वतः केला.

आपल्याकडे या वाटेवर एक मोठा धोंडा आहे. २०१२च्या पोक्सो कायद्याने अठराखालचा कोणताही लैंगिक संबंध गुन्हा ठरतो, दोघांच्या मर्जीने झाला तरी, आणि कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांवर अत्याचार करणाऱ्यांविरुद्ध हा कायदा आवश्यकच होता. पण सतरा वर्षांची घाबरलेली मुलगी दवाखान्याच्या पायरीवर उभी असते तेव्हा तिला डॉक्टरपेक्षा चौकी जवळ दिसते. मग ती परत फिरते, आणि भोंदू माणसाच्या गोळ्या घेते किंवा पाचव्या महिन्यापर्यंत पोट लपवते. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२च्या निकालात यातून एक फट काढली. मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचं नाव-गाव पोलिसांना कळवण्याचं बंधन डॉक्टरवर नाही. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१४ पासून सरकारी दवाखान्यांत किशोरांसाठी वेगळा सल्लाकक्ष आहे. आपल्याकडे त्याला ‘मैत्री’ म्हणतात. तिथे जाणाऱ्या मुलीला हा निकाल सांगायला हवा. आणि लग्नच थांबवायचं असेल तर मुलांच्या मदतवाहिनीचा १०९८. हा क्रमांकही १९९६ साली देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतूनच सुरू झाला होता.

राहता राहिल्या लग्न झालेल्या मुली. त्यांच्याकडे कार्यक्रमांचं लक्ष सगळ्यांत कमी, आणि बहुतेक बाळंतपणं तर तिथेच. लग्नाला तीन महिने झाले की ‘काही गोड बातमी?’ सुरू होतं. पहिल्या मुलाआधी गोळ्या घेतल्या तर पुढे मूल होत नाही, असा पक्का समज. सातारा जिल्हा परिषदेने २००७ साली यावर ‘हनिमून पॅकेज’ काढलं. पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर पाच हजार, तीन वर्षं लांबवलं तर साडेसात हजार. नाव ऐकून लोक हसले. हसू द्या. यात मोबदला थांबण्यालाच बांधला होता, आणि सासूबाईंना शेजारी सांगायला कारणही मिळत होतं. पाचोडच्या संस्थेने पुढे लग्न झालेल्या किशोरींसाठी वेगळा कार्यक्रम आखला. त्यात कार्यकर्तीने मुलगी गरोदर राहिल्यावर तिचं नाव नोंदवायला जायचं नाही, त्याआधीच जायचं. आशा कार्यकर्ती दर महिन्याला घरोघर फिरून नवी सून कुठे आली, तिचं वय काय, पाळी चुकली का, काही साधन हवं का, हे विचारते, आणि ज्या घरात जी अडचण असेल त्यावर तिथेच बोलते. त्या घरात नवऱ्याशी आणि सासूशी बोलणं हेही तिच्याच कामात धरलेलं आहे.